बुश किती थाऊचं घ्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ३०८ विंचेस्टर काडतुसाची बोल्ट रायफल आहे, उडवलेल्या पुंगळ्या (काडतुसाचं पितळी कवच) घरी पुन्हा भरता, काडतुसं मॅगझिनमधून चढवता, आणि पुंगळी आवळून परत मापात आणणारी फुल-लेंग्थ डाय नुकतीच घेतली आहे. तिच्यात मानेसाठी, म्हणजे पुंगळीच्या गोळी धरणाऱ्या भागासाठी, बुश (ठरावीक भोकाचं कडं) बदलता येतं. भरलेल्या काडतुसाची मान व्हर्निअरने ०.३३७ इंच भरली. बुशासाठी त्यातून किती कमी करायचं, तर एकाने सांगितलं एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) वजा कर, दुसऱ्याने सांगितलं तीन. तुमच्याकडे पाच वेळा उडवलेल्या शंभर पुंगळ्या आहेत आणि दुसऱ्या कंपनीच्या पन्नास कोऱ्या. दोन्हींना एकच बुश चालेल का, आणि साधं स्टीलचं घ्यावं की सोनेरी लेपाचं, हेही विचारलं आहे.

आधी सरळ उत्तर. तुमचं माप खरं निघालं तर शंभर पुंगळ्यांसाठी ०.३३५ चं बुश घ्या. त्याच्यासोबत शेजारची दोन, ०.३३४ आणि ०.३३६, आणि एक मोठं ०.३३९ चं. मोठं कशासाठी ते पुढे सांगतो. कोऱ्या पन्नासांसाठी आत्ता काहीच घेऊ नका. आणि पैसे भरण्याआधी तीच मान मायक्रोमीटरने पुन्हा मोजा.

मायक्रोमीटरचा आग्रह का, तर बुशं सहसा एकेका थाऊच्या फरकाने मिळतात. एक थाऊ म्हणजे मिलिमीटरमध्ये ०.०२५४. चांगला डिजिटल व्हर्निअरसुद्धा हाताच्या दाबावर, जबड्यांच्या तिरपेपणावर एक थाऊ इकडे-तिकडे दाखवतो. म्हणजे मोजण्यातल्या चुकीतच अख्खं एक बुश निघून जातं. दहा-हजारांशापर्यंत वाचणारा मायक्रोमीटर घ्या, आधी शून्य तपासा, आणि रॅचेटने किंवा नेहमी सारख्याच हलक्या हाताने आवळा. मान तोंडापाशी मोजू नका, तिथे कापल्याची बारीक कोर उरलेली असते. खांद्यालगतही नको. मधोमध मोजा, काडतूस फिरवून निदान तीन ठिकाणी. असं पाच-सहा काडतुसांचं करा. ०.३३६८, ०.३३७१, ०.३३६९ असे आकडे आले तर पुंगळ्या एकसारख्या आहेत. एक ०.३३५५ आणि दुसरं ०.३३८० आलं तर अडचण पुंगळ्यांच्या जाडीत आहे, आणि कुठलंही बुश ती सोडवू शकत नाही. मग आधी पुंगळ्या वेगळ्या करा.

एक उलटतपासणीही करून घ्या. बॉल मायक्रोमीटरने मानेच्या भिंतीची जाडी मोजा, दुप्पट करा, त्यात गोळीचा व्यास मिळवा. भिंत ०.०१४५ असेल तर दुप्पट ०.०२९, त्यात ०.३०८ मिळवले की ०.३३७. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला की मगच त्याच्यावर विश्वास ठेवायचा. गोळीचा व्यासही खोक्यावरून घेऊ नका, मोजून घ्या. ०.३०८ म्हणून येणारी गोळी दोन-तीन दहा-हजारांशांनी कमी-जास्त असू शकते.

आता बुश करतं काय ते पाहू, कारण वजाबाकीचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

साध्या डायमध्ये मानेचं भोक ठरलेलं असतं. बनवणाऱ्याला बाजारातली सगळ्यात पातळ पुंगळीसुद्धा गोळी धरेल एवढं ते बारीक ठेवावं लागतं. त्यामुळे जाड भिंतीची मान गरजेपेक्षा कितीतरी जास्त आवळली जाते, आणि मग दांड्यावरचा एक्स्पांडर बॉल बाहेर येताना तिला आतून पुन्हा फुगवतो. दर वेळी पितळ इतकं आत आणि परत इतकं बाहेर. याने दोन गोष्टी होतात. पितळ लवकर कडक होतं आणि शेवटी मानेला तडे जातात. शिवाय बॉल ओढला जाताना मान खांद्यावरून तिरपी होऊ शकते. बुशमुळे तुम्ही मान हवी तेवढीच आवळता. पितळाला त्रास कमी होतो, आणि गोळीची पकड तुमच्या हातात येते.

ही पकड मोजायला सोपी आहे. भरलेल्या काडतुसाच्या मानेचा बाहेरचा व्यास घ्या. त्यातून, बुशातून काढलेल्या पण अजून रिकाम्या असलेल्या पुंगळीच्या मानेचा व्यास वजा करा. उरेल ती पकड. भिंत दोन्हीकडे तीच असते, म्हणून आतला व्यास वेगळा मोजायची गरज पडत नाही. तुमची भरलेली मान ०.३३७ आणि बुशातून निघालेली रिकामी मान ०.३३५५ असेल तर पकड दीड थाऊ.

इथे लक्षात घ्या, बुश ०.३३५ चं होतं आणि मान मात्र ०.३३५५ ची निघाली. पितळ दाब सुटला की थोडं परत उघडतं. साधारण अर्धा ते एक थाऊ. ही उसळी विसरून केलेली वजाबाकी हेच बहुतेक भांडणाचं मूळ आहे. ‘एक थाऊ वजा’ म्हणणाऱ्याची पुंगळी मऊ असेल, उसळी जवळपास नसेल, तर त्याला खरोखर एक थाऊ पकड मिळते. तेच बुश कडक पुंगळीवर वापरलं तर ती एक थाऊ परत उघडते आणि पकड शून्यावर येते, गोळी बोटाने आत जाते. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. त्यांचं पितळ वेगळं असतं.

माझ्या मते या सगळ्या विषयात समजून घेण्याजोगी गोष्ट हीच आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. हे पितळ प्रत्येक आवळण्या-फुगण्याने कडक होत जातं आणि तापवल्याने मऊ पडतं. पोलादासारखं तापवून पाण्यात बुडवलं म्हणून ते कडक होत नाही. पितळ कडक झालं म्हणजे ते वाकण्याआधी जास्त ताण सहन करतं आणि सोडल्यावर जास्त परत येतं. आता गोळी आत बसवताना काय होतं ते बघा. गोळी मानेला आतून ताणते, मान परत आकसायला बघते, आणि तो आकसण्याचा जोर म्हणजेच पकड. बुशातून बाहेर पडताना उघडणारी आणि गोळीला आवळून धरणारी ताकद एकच आहे. जी पुंगळी बुशातून जास्त उसळते तीच प्रत्येक थाऊमागे गोळीला जास्त जोरात धरते. म्हणून बुशावरचा आकडा एकटा काही सांगत नाही. त्याच्यासोबत पितळाची अवस्था सांगितली तरच त्याला अर्थ येतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. ०.३०८ इंच व्यासावर एक थाऊ ताणणं म्हणजे सुमारे एक तृतीयांश टक्का ताण. कडक पितळाची लवचीकपणाची हद्दसुद्धा साधारण तिथेच येते, मऊ पितळाची तर त्याच्या बरीच आधी. त्यापुढे आवळलेली मान गोळी आत जाताना कायमची फुगते, म्हणजे गोळीच एक्स्पांडरचं काम करते. स्वतः करून बघा. प्रायमर आणि दारू नसलेल्या दोन डमी पुंगळ्या घ्या, एकीला दोन थाऊ पकड द्या, दुसरीला चार. गोळ्या बसवा, कोलेटवाल्या पुलरने परत काढा आणि माना मोजा. दोन्हींची उरलेली पकड जवळपास सारखी दिसेल. चार थाऊवाल्या मानेत गोळी बसवायला जोर जास्त लागला, गोळीच्या जॅकेटवर ओरखडा उमटण्याची शक्यता वाढली, गोळी वाकडी बसण्याचीही वाढली, आणि हाती पडलेली पकड मात्र दुप्पट नाही. तीन थाऊच्या पुढे जाण्यात मला म्हणूनच अर्थ दिसत नाही.

मग किती पकड हवी? एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये (नळीतली काडतूस बसायची जागा) ठेवून बाकावरून नेम मारणाऱ्याला एक थाऊ पुरते, काही जण त्याहून कमीवर चालवतात. तुमच्यासारख्या मॅगझिनवाल्या बोल्ट रायफलला दीड ते दोन थाऊ. अर्धस्वयंचलित रायफलमध्ये काडतूस जोरात चेंबरवर आदळतं, तिथे अडीच-तीन थाऊ लागतात. कमी पकडीचा धोका खरा आहे. मॅगझिनमधल्या काडतुसांना प्रत्येक धक्क्याचा मार बसतो, सैल गोळी आत सरकते, दारूची जागा कमी होते आणि दाब वाढतो. उलट बाजूनेही घात होतो. गोळी नळीतल्या आट्यांना टेकेल एवढी लांब बसवलेली असेल आणि पकड सैल असेल, तर न उडवता बोल्ट मागे घेतल्यावर गोळी नळीत अडकून राहते आणि दारू सगळी ॲक्शनमध्ये सांडते.

याची परीक्षा घरीच करता येते. पुन्हा डमीच घ्या, प्रायमर नाही, दारू नाही. लांबी मोजून ठेवा. तुमच्या नेहमीच्या जोराने मॅगझिनमधून चेंबरमध्ये चढवा, काढा, परत मोजा. असं चार-पाच वेळा. लांबी दोन-तीन थाऊपेक्षा जास्त हलली तर पकड वाढवा. हे काम करताना त्या खोलीत भरलेलं एकही काडतूस नको.

आता ते ०.३३९ चं मोठं बुश. कारखान्यातून येणाऱ्या रायफलींचं चेंबर मानेपाशी ऐसपैस असतं. तुमच्या उडवलेल्या पुंगळीची मान मोजा, ती ०.३४३ च्या आसपास निघेल असा माझा अंदाज आहे. तिथून एका दमात ०.३३५ वर आणायचं म्हणजे आठ थाऊ. बुशाला आत शिरायला उतार अगदी थोडा असतो. एवढं पितळ एका झटक्यात आत ढकललं की दोन गोष्टी बिघडतात. मान बुशाच्या आकड्यापेक्षाही बारीक निघते, कारण आत वळलेलं पितळ वळतच राहतं. आणि ती सरळ निघत नाही. मी हे बराच काळ न कळता भोगलं. भरलेली काडतुसं वाकडेपणा मोजणाऱ्या गेजवर फिरवली की गोळीचं टोक चार-पाच थाऊ डोलायचं. मी गोळी बसवायची डाय बदलली, शेल होल्डर बदलला, प्रेसच्या रॅमवर संशय घेतला. शेवटी एका संध्याकाळी रिकाम्या माना गेजवर ठेवल्या आणि वाकडेपणा तिथेच सापडला, गोळी बसवण्याच्याही आधी. दोन टप्प्यांत आवळायला लागलो, आणि त्याच डायने काडतुसं दीड-दोन थाऊवर आली.

म्हणून पाच थाऊहून जास्त आवळायचं असेल तर ते दोन घासांत करा. आधी ०.३३९, मग ०.३३५. वेळ दुप्पट लागतो हे खरं. ज्यांच्या रायफलीचं चेंबर मानेला घट्ट कापलेलं असतं त्यांना याची गरज पडत नाही.

घट्ट चेंबरचा विषय निघाला म्हणून एक सावधानता, कारण तिथे चूक झाली तर ती रायफलीवर आणि माणसावर येते. भरलेली मान आणि चेंबर यांच्यात जागा हवी. गोळी सुटताना मानेने फुगून तिला मोकळं करायचं असतं. जागाच नसेल तर गोळी चिमटीत अडकल्यासारखी राहते आणि दाब भयंकर चढतो. १९७५ मध्ये लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी बेंचरेस्टसाठी (बाकावर रायफल टेकवून नेम मारण्याचा खेळ) तयार केलेल्या ६ पीपीसी काडतुसाचं उदाहरण घ्या. त्याची बरीच चेंबरं मानेला ०.२६२ इंच कापलेली असतात. गोळी ०.२४३. दोन थाऊ जागा ठेवायची तर भरलेली मान ०.२६० च्या वर जाता कामा नये, म्हणजे भिंत साडेआठ थाऊ. पुंगळीची मान बाहेरून तासल्याशिवाय हे जमत नाही. तुमच्या साध्या चेंबरमध्ये हा प्रश्न नाही, पण एक सोपी खूण लक्षात ठेवा. उडवलेल्या, अजून न आवळलेल्या पुंगळीच्या तोंडात नवी गोळी सहज सरकून जायला हवी. अडली तर त्या पुंगळ्या बाजूला ठेवा आणि कारण सापडेपर्यंत भरू नका.

एक्स्पांडर बॉल ठेवायचा की काढायचा, हे तुम्ही विचारलेलं नाही पण बुशाचा आकडा त्याच्यावर अवलंबून आहे. बुश मानेला बाहेरून गोल करतं. भिंत एका बाजूला जाड असेल तर तो फुगवटा आतल्या बाजूला ढकलला जातो, जिथे गोळी बसणार असते. बॉल किंवा मँड्रेल (मानेत ढकलायचा ठरावीक व्यासाचा गुळगुळीत दांडा) आतून गोल करतो आणि फुगवटा बाहेर पाठवतो. तासलेल्या किंवा भिंत मुळातच एकसारखी असलेल्या पुंगळ्यांना बुश एकटं पुरतं. भिंत दीड-दोन थाऊने कमी-जास्त असेल तर आतून शेवटचा हात फिरवलेला बरा.

मला स्वतःला बॉलपेक्षा मँड्रेल आवडतो. बॉल मानेला बाहेर ओढत जातो, मँड्रेल वरून सरळ आत ढकलला जातो, आणि खांदा खालून टेकलेला राहतो. मँड्रेल वापरणार असाल तर बुश एक आकडा खालचं घ्या, तुमच्या बाबतीत ०.३३४. कारण मँड्रेलला काम करायला थोडं पितळ उरायला हवं. मान आधीच मँड्रेलएवढी मोठी असेल तर तो नुसता आत-बाहेर करेल. आणि लक्षात ठेवा, आता उसळी उलट्या दिशेने येते. मँड्रेल ०.३०६५ चा असेल तर तो निघाल्यावर मान आतून अर्धा थाऊ आकसून ०.३०६ च्या जवळ येते. पकड दोन थाऊ. ज्यांना ही गणितं पडताळायची असतील त्यांनी पिन गेजचा संच घ्यावा, मानेत कोणती पिन जाते आणि कोणती नाही यावरून आतला व्यास नेमका कळतो.

डायमध्ये बुश बसवताना ते करकचून आवळू नका. वरचा स्क्रू बुशाला टेकेपर्यंत फिरवा आणि किंचित मागे घ्या, एक अष्टमांश फेरा पुरे. डाय कानाजवळ हलवली की बुश टिकटिक वाजलं पाहिजे. त्या मोकळीकीमुळे ते पुंगळीच्या मध्यावर स्वतःहून येतं. कोणती बाजू खाली हे बनवणाऱ्याच्या कागदावर बघा. तसं बसवूनही माना वाकड्या येत असतील तर बुश उलटं करून बघा, दोन्ही तोंडं नेहमी सारखी घासलेली नसतात.

या रचनेमुळे बुश खांद्यापर्यंत पोचत नाही, मानेचा शेवटचा मिलिमीटर-दीड मिलिमीटर न आवळलेला राहतो. नवखे लोक ही कडा बघून घाबरतात. घाबरण्यासारखं काही नाही, उलट तो जाडसर भाग काडतूस चेंबरमध्ये मध्यावर धरायला थोडी मदत करतो असं अनेक जुन्या नेमबाजांचं म्हणणं आहे. लक्ष द्यायचं ते वेगळ्या गोष्टीकडे. बऱ्याच वेळा उडवलेल्या पुंगळ्यांत मान आणि खांद्याच्या सांध्यावर आतून पितळाचं कडं जमतं. गोळीचा पूर्ण व्यासाचा भाग त्या कड्यापर्यंत खाली गेला तर तिथे पकड अचानक वाढते आणि प्रत्येक पुंगळीत वेगवेगळी वाढते. मग तुम्ही बुशं बदलत बसाल आणि काही फरक पडणार नाही. गोळी बसवताना शेवटच्या क्षणी हाताला अडथळा लागला तर हेच कडं समजा.

स्टील की सोनेरी लेप? लेप टायटॅनियम नायट्राइडचा असतो, घर्षण कमी करतो, पुंगळ्या जास्त असतील तर सोयीचा. मापात दोन्हींमध्ये काही फरक नाही. पहिली तीन-चार बुशं साध्या स्टीलची घ्या, मानेला बोटाने अगदी पुसट वंगण लावा, आणि आकडा पक्का झाला की हवं तर तेवढंच एक लेपाचं घ्या. वंगण खांद्यावर साचू देऊ नका, तिथे खळगे पडतात. बुश विकत आणल्यावर त्याच्यावरचा आकडाही तपासून घ्या. भोक मोजण्यापेक्षा त्यातून चार पुंगळ्या काढून माना मोजणं सोपं आणि जास्त उपयोगाचं.

आता तुमच्या शंभर पुंगळ्या. पाच वेळा उडवल्या, एकदाही तापवलेल्या नाहीत. त्या कडक झालेल्या असणार, आणि सगळ्या सारख्याच कडक नसणार. माझा सल्ला, आधी माना तापवून घ्या. सगळ्या पुंगळ्यांना सारखाच वेळ, सारखीच ज्योत. मान आणि खांदा एवढंच तापलं पाहिजे. बूड गरम होता कामा नये, कारण बूड मऊ पडलेली पुंगळी दाब धरू शकत नाही आणि ती परत कडक करायचा घरी उपाय नाही. अंधुक उजेडात मान लालभडक दिसेपर्यंत थांबलात तर जास्त झालं. हे काम तुम्हाला येत नसेल तर शिकून घेतल्याशिवाय करू नका. न तापवताही तुमच्या पुंगळ्या काही फेऱ्या चालतील, फक्त मग सगळ्यांचं वय एकच ठेवा. पाच वेळा उडवलेल्यांत दोनदा उडवलेली मिसळू नका.

तापवल्यानंतर उसळी कमी होते, म्हणजे त्याच बुशातून मान थोडी बारीक निघते. म्हणूनच मी शेजारची दोन बुशं घ्यायला सांगितली. तापवलेल्या पुंगळ्यांना ०.३३५ ने पावणेदोन थाऊ पकड मिळेल, हे छान आहे. पुढे तीन-चार फेऱ्यांनी त्या कडक झाल्या आणि मान ०.३३६ ची निघायला लागली, तर ०.३३४ कडे वळा, नाहीतर पुन्हा तापवा. मला दर फेरीला तापवलेलं बरं वाटतं, कारण मग बुश बदलावं लागत नाही आणि गोळी बसवताना हाताला प्रत्येक वेळी सारखाच जोर जाणवतो. मानेच्या आतली काजळीही या जोरात भर घालते. पितळ आरशासारखं चकचकीत घासून काढू नका. पूर्ण कोरड्या स्वच्छ पितळावर गोळी चिकटत-अडखळत सरकते. नायलॉनच्या ब्रशने आतून दोन हात मारा आणि पातळ काजळी राहू द्या, किंवा स्वच्छ केल्यावर ग्राफाइटची पूड लावा. दोन्हींपैकी एक ठरवा आणि तेच करत राहा.

बुश बदललं म्हणजे पकड बदलली, आणि पकड बदलली की दाब आणि वेगही थोडे बदलतात. तुमचा दारूचा लोड वरच्या मर्यादेला टेकलेला असेल तर नव्या बुशावर तोच लोड तसाच चालवू नका. छापील तक्त्यातल्या खालच्या आकड्याच्या जवळ परत या आणि टप्प्याटप्प्याने वर चढा. एक आणि दोन थाऊ पकडीत काय फरक पडतो हे पाच-पाच गोळ्यांच्या दोन गटांवरून ठरवू नका, एवढ्यात नशिबाचा खेळच जास्त असतो. दोन्हींचे निदान वीस-वीस मारा, वेग क्रोनोग्राफवर नोंदवा, आणि लांब अंतरावर गट उभा ताणला जातोय का ते बघा. जवळच्या शंभर मीटरवर बहुतेक वेळा काहीच दिसणार नाही.

राहिल्या पन्नास कोऱ्या पुंगळ्या. दोन कंपन्यांच्या भिंतीत दीड-दोन थाऊचा फरक सहज असतो, आणि तो भरलेल्या मानेत दुप्पट होऊन येतो. तुमच्या दुसऱ्या कंपनीची मान ०.३३४ भरली तर ०.३३५ चं बुश तिला धड शिवणारही नाही. तिथे पकड शून्य. त्यामुळे एकच बुश दोघांना चालेल असं आत्ता सांगता येत नाही. कोऱ्या पुंगळ्यांची तोंडं प्रवासात चेपलेली असतात. त्यांच्यातून आधी मँड्रेल किंवा एक्स्पांडर फिरवा आणि तोंडाची कोर आतून-बाहेरून हलकी काढा. मग दोन डमी बनवा, मधोमध मायक्रोमीटर लावा आणि मला तो आकडा कळवा. त्यातून दोन वजा करून जे बुश येईल ते मागवा, आणि ते येईपर्यंत दोन कंपन्यांच्या पुंगळ्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवा.